चिंधीला वळसा घालून

५ जानेवारी

सूनबाई,

सौ. लिहायचं की नाही ते कळेना, म्हणून नुसतं सूनबाई लिहिलं. ते तरी अजून चालतं का, हे तू आणि माझा मुलगा मिळून ठरवा. मला दुसरं काही सुचत नाही.

फोनवर तू म्हणतेस बरी आहे, मी म्हणते बरं, आणि पुढे दोघी गप्प. त्यापेक्षा लिहिलेलं परवडलं. सातवीपर्यंतचं अक्षर आहे, लावून घे.

कामाचं लिहिते. तू शाळेत ठेवलेली धाकटी बाई पडली. पाण्यानं भरलेली बादली घेऊन ओल्या पायरीवर पाय टाकला. पाय प्लास्टरमध्ये आहे. मुलांना पाणी खेळायला द्यायचं म्हटल्यावर कधी ना कधी कुणीतरी घसरणारच होतं. मी म्हटलं, शाळा बंद ठेवा. तर सकाळी आईबाप पोरांना घेऊन दारात उभे. सगळे कामाला जाणारे, पोरं ठेवणार कुठे. म्हणून मी खाली जाऊन बसते. बसते म्हणजे बसतेच. शिकवत नाही. तुझ्या शाळेत तसंही कुणी कुणाला शिकवत नाही.

पहिल्याच संध्याकाळी दोन्ही खोल्या साफ केल्या. इथे माझं शिवणाचं दुकान होतं तेव्हा जमिनीवर सुई पडली तर दिसायची. आता काय तो पसारा. नळापासून खिडकीपर्यंत फुटके पाइप, डबे, दोऱ्या बांधलेल्या बाटल्या. कोपऱ्यात ठोकळ्यांचं काहीतरी. ओल्या मातीचे गोळे. सगळं उचललं, डबे धुतले, पाइप मागच्या अंगणात टाकले. त्या सगळ्यावर टाकलेल्या लाल चिंध्यासुद्धा धुऊन, घडी करून कपाटात ठेवल्या. जमीन फिनाइलनं पुसली. आता माणसं राहतात असं वाटतं.

दोन गोष्टी कळव. एक, पोरांचा तो खेळायचा पिठाचा गोळा तुम्ही कसा मळता? मी केला तो दुसऱ्या दिवशी दगड. दुसरी, मार्चअखेर शाळेचं वर्ष संपतं. तुझी बुटकी टेबलं, छोट्या हातोड्या, करवत वगैरे कुठे पाठवायचं? खोल्या अशाच अडवून ठेवता येणार नाहीत.

थंडी असेल तर कान बांधत जा.

तुझी सासू


१७ जानेवारी

सूनबाई,

पत्र मिळालं. पत्र कसलं, तार आहे. मीठ जास्त, तेल दोन चमचे, झाकण घट्ट. केलं तसं, गोळा मऊ राहिला. सामान कुणालाही द्या म्हणतेस. 'कुणालाही' म्हणजे कुणाला? करवत कोण घेणार? आणि एवढ्याशा खुर्च्यांवर मोठं माणूस बसलं तर उठवायला दुसरं माणूस लागतं. हे मी अनुभवानं सांगते.

पोरांचं पाण्याचं काम कुठवर आलं, असं विचारलंस. ठीक आहे.

पोरांशी ओळख झाली. नावं तुला माहीत आहेत, मी माझी ठेवलीत. तो पाठीमागे हात बांधून फिरणारा साहेब. प्रत्येक गोष्टीला 'पण का' म्हणणारी वकीलबाई. आणि जो कुठेही ठेवला तरी ठेवलेल्या जागी झोपतो तो गाठोडं. मला सगळे आजी म्हणतात. मी सांगितलं, आजी म्हणा, पण मांडीवर बसायचं नाही, माझे गुडघे दुखतात. तर वकीलबाई म्हणाली, "मग एका गुडघ्यावर बसू का?"

पोरं शहाणी झालीत. पहिले दोन दिवस इकडेतिकडे काहीतरी शोधत होती, मग थांबली. आता दोन ठोकळे ठेवतात, उचलतात, जागेवर नेऊन लावतात. सांडलवंड नाही, आरडाओरडा नाही. गाठोड्याच्या आईनं विचारलंसुद्धा, आज सुट्टी आहे का म्हणून.

वकीलबाईचा बाप भेटला, तो बस डेपोत कंट्रोलर आहे. पायरीवर उभा राहून म्हणाला, "आजी, माझी मुलगी लिहायला कधी शिकणार? इथे नुसती खेळतात ना पोरं." तू असताना मीही हेच म्हणायचे, तुझ्यासमोर आणि मागेसुद्धा. पण परक्याच्या तोंडून ऐकल्यावर चिडच आली. मी म्हटलं, "तुम्ही डेपोत काय करता ते आम्ही विचारायला येतो का?" त्याला ते उत्तर पटलं नसावं. मलाही नाही. पण तो गेला.

एक विचारायचं होतं. वकीलबाई आधीपासून अशी गप्प गप्प असायची का? हल्ली 'पण का'सुद्धा म्हणत नाही.

तुझी सासू


२९ जानेवारी

सूनबाई,

मागच्या पत्रात 'ठीक आहे' लिहिलं, ते ठीक नव्हतं. पाण्याचं काम मीच काढून टाकलं. पहिल्या पत्रात साफसफाईचं लिहिलं होतं, त्यातच होतं ते. तुला तेव्हाच कळलं असणार, म्हणून तर विचारलंस. सरळ विचारायचं होतंस.

झालं असं. सोमवारी वकीलबाई ठोकळ्यांच्या फळीपाशी उभी होती. हात लावेना. मी म्हटलं, घे की. तिनं विचारलं, "आजी, आज झाडणार?"

"रोजच झाडते."

"मग राहू दे," म्हणाली, आणि जाऊन बसली.

मी खोलीत नजर फिरवली. सगळी बसलेली. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तशी, हात मांडीवर. गाठोडं जागं होतं, तरी बसलेलं. मला अशी पोरं आवडायला हवी होती. आयुष्यभर हेच म्हणत आले, की पोरांनी एका जागी बसावं.

साहेबाला विचारलं, "काय रे, ते तुमचं पाण्याचं का नाही करत?" तर तो म्हणाला, "ते एका दिवसात होत नाही." बास, एवढंच. रडला नाही, तक्रार नाही. हिशोब सांगितल्यासारखं सांगितलं.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जे एका दिवसात होत नाही ते त्यांनी सोडूनच दिलंय. जेवढं माझी केरसुणी फिरायच्या आत उरकतं तेवढंच करतात. दोन ठोकळे, उचल, ठेव.

तू मला ते लाल चिंधीचं सांगितलं होतंस. ज्याचं काम अर्धं राहिलं त्यानं त्यावर चिंधी टाकायची, मग त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, किती का दिवस राहीना. तेव्हा मला वाटलं, पसारा न आवरायला काढलेली युक्ती. लाड नुसते. पण सूनबाई, माझ्या दुकानात कापलेलं कापड टेबलावर पडलेलं असताना कुणी ते घडी घालून कपाटात टाकलं असतं, तर मी त्याला पायरी उतरायला लावली असती. बाह्या एकीकडे, गळा एकीकडे, त्याला पसारा म्हणतात का? ते काम आहे, अर्धं झालेलं. मग इथे ते मला का दिसलं नाही, कोण जाणे. बुटक्या माणसांचं होतं म्हणून असेल.

कपाटातून चिंध्या काढून परत टोपलीत टाकल्यात. पाइप अंगणातून आणून नळाखाली धुतले. पोरांना सांगितलं, आजपासून मी चिंधीला वळसा घालून झाडीन.

कुणाचा विश्वास बसला नाही.

तुझी सासू


११ फेब्रुवारी

सूनबाई,

पोरांनी माझी परीक्षा घेतली.

साहेबानं खोलीच्या बरोबर मध्ये एक ठोकळा ठेवला. त्यावर चिंधी टाकली. म्हणाला, "हे चालू आहे."

मी म्हटलं, "काय चालू आहे? एक ठोकळा आहे."

"चालू आहे."

संध्याकाळी एका ठोकळ्याभोवती वळसा घालून झाडलं. कुणी बघितलं असतं तर म्हातारीचं डोकं फिरलं म्हणाले असते. सकाळी साहेब आला, बूट न काढता सरळ आत. चिंधी उचलली, खाली बघितलं, परत टाकली. मग जाऊन बूट काढले.

दुसऱ्या दिवशी दोन ठोकळे आणि त्यांच्यामध्ये दोरा. वकीलबाई त्याच्या पुढची. तिनं पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवला, तोही दाराच्या मधोमध, चिंधी बाजूला पसरून. मुद्दाम. मी पाय उचलून त्यावरून गेले, आले, पुन्हा गेले. या वयात. सकाळी तिनं वाकून बघितलं आणि म्हणाली, "थोडं कमी झालंय."

"मी नाही सांडलं," मी म्हटलं.

"मग कुठे गेलं?"

"आपोआप जातं. हवेत."

"पण का?"

'पण का' परत आलं, एवढं लक्षात आलं.

त्यानंतर एका सकाळी खाली गेले तर नळ सोडलेला, पाइप बाहेर, आणि जमिनीवर तळं. पाणी खिडकीतून बाहेरच्या झाडाच्या मुळाशी न्यायचंय, असं त्यांचं म्हणणं. बादली घेऊन गेलं तर दोन मिनिटांत होतं. मी तसं सुचवलं. साहेब माझ्याकडे असा बघायला लागला, की मीच वरमले.

पहिल्या सांध्याला पाणी गळत होतं. कुठे चुकतंय ते मला दिसत होतं. तोंडापर्यंत आलं आणि गिळलं. सूनबाई, या नोकरीतलं अवघड काम हेच दिसतंय. तू दिवसभर हे कसं करायचीस? मला वाटायचं, नुसती उभी राहते.

तीन दिवस गळत राहिलं. माती लावली, वाहून गेली. कागद लावला, त्याचा लगदा झाला. मग वकीलबाई माझ्याकडे आली. "आजी, तुझ्याकडे असं काही आहे का, की जे ओढलं की लांब होतं आणि सोडलं की परत येतं?"

हे तिचं तिनं शोधलं होतं, हे लक्षात घे. मी वर गेले आणि दुकानातलं उरलेलं इलॅस्टिक आणलं. गुंडाळलं त्यांनीच. गळायचं थांबलं नाही, पण कमी झालं.

मला तुझं सगळं पटलं असं समजू नकोस. हातोड्या मी अजूनही कुलपात ठेवते आणि मागितल्या तरच देते. मागतात रोज.

तुझी सासू


२० फेब्रुवारी

सूनबाई,

तुझं पत्र आलं. फरशीवाल्याचं तुला आधीपासून ठाऊक होतं म्हणतेस. नवऱ्यानं सांगितलं. म्हणजे तुम्ही बोलता. बरं.

मी लिहिलं नव्हतं, ते लिहिते. मुलाचा मित्र फरशांचं दुकान काढतोय. खालच्या खोल्या रस्त्याला लागून, त्याला सोयीच्या. तू गेल्यावर मुलगा म्हणाला, शाळा आता कोण चालवणार, वर्ष संपलं की त्याला देऊ. मी हो म्हटलं. मला तेव्हा वाटलं, एकदाचा निकाल लागलेला बरा. तू एकीकडे, तो दुसरीकडे, आणि खाली तुझी टेबलं. लोंबकळत ठेवलेलं मला कधीच बघवलं नाही. सामान कुठे पाठवू विचारलं, ते त्यासाठीच.

परवा तो फरशीवाला मापं घ्यायला आला. शाळा भरलेली असताना. मी म्हटलं, नंतर या. तो म्हणाला, "पाच मिनिटांचं काम आहे, आजी."

आत आला आणि पाण्याच्या कामापाशी थांबला. "हे जरा काढायला लागेल."

"चालू आहे," साहेब.

"काय चालू आहे?"

"काम."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. तो बिचारा पाइपांवरून टांग टाकून भिंतीपाशी गेला आणि टेप काढली. वकीलबाईनं टेपचं दुसरं टोक आधीच पकडलेलं. "कुठे धरू?"

"तिथे, कोपऱ्यात. घट्ट धर."

"पण का?"

"सैल धरलं तर माप चुकतं."

मग त्यानं पिशवीतून ती लेव्हल काढली, पट्टीत काचेची नळी आणि नळीत बुडबुडा असतो ना, ती. जमिनीवर ठेवली. सगळी पोरं उकिडवी बसली. गाठोडं उठून आलं. "बुडबुडा मध्ये आला की समजायचं जमीन सपाट आहे," तो म्हणाला. "एका बाजूला पळाला तर तिकडची बाजू वर."

"आणि पाणी?" साहेबानं विचारलं.

"पाणी उलट्या बाजूला. उताराकडे."

साहेबानं त्याच्या हातातून लेव्हल घेतली. मागितली नाही, घेतली. आणि आपल्या पाइपावर ठेवली. बुडबुडा खिडकीकडे पळाला. साहेबानं लेव्हल उचलून पुन्हा ठेवून बघितली. मग म्हणाला, "खिडकी वर आहे. म्हणून पाणी येत नाही."

पुढे काय झालं ते लिहीत बसत नाही. फरशीवाला शर्टाच्या बाह्या वर करून खुर्चीवर पाइपाचं नळाकडचं टोक धरून उभा होता, एवढं सांगते. वकीलबाई त्याला सांगत होती, "काका, अजून वर. अजून. एवढं नाही." दुसऱ्या खोलीचं माप घ्यायचं राहूनच गेलं. त्या दिवशीही पाणी खिडकीपर्यंत पोचलं नाही. जाताना तो म्हणाला, "आजी, लेव्हल चार दिवस राहू दे त्यांच्याकडे, मग नेतो." आणि मग, "या खोल्या नक्की रिकाम्या होणार आहेत ना?"

मी म्हटलं, कळवते.

आता तुझ्या पत्राचं. तिकडच्या मोठ्या शाळेनं तुला बोलावलंय, महिनाअखेर उत्तर द्यायचंय, आणि तू लिहितेस, 'आई, मी हो म्हणू का, तुम्ही सांगा.' मी सांगणार नाही. मला विचारलंस तर मी ये म्हणेन, म्हणून विचारू नकोस. माझ्या एका शब्दावर आलीस तर उद्या भांडण झालं की म्हणशील, आईंनी बोलावलं म्हणून आले. तुम्हा दोघांचं काय अर्धं राहिलंय आणि किती, ते तुमचं तुम्हाला माहीत. मी लेव्हल लावून बघणार नाही.

खोल्यांचं मात्र माझं मी बघते. घर माझ्या नावावर आहे.

तुझी सासू


४ मार्च

सूनबाई,

मुलगा आला होता. मी त्याला खालीच बोलावलं, शाळेच्या वेळेत. दारात उभा राहिला. आत यायला जागा नव्हती, पाइप आता पार उंबऱ्यापर्यंत मागे आलेत. उतार मिळावा म्हणून सुरुवातच स्टुलावर चढवलीय.

"आई, तू शब्द दिला होतास."

"तुला दिला होता. तुझ्याकडूनच परत घेते."

"मित्राला काय सांगू?"

"त्याला मी सांगितलंय. तो तुझ्याइतका चिडला नाही."

"ती येणार नाहीये, आई."

"तिच्यासाठी नाही म्हटलं मी."

"मग कुणासाठी? तुला तर ही शाळा कधी आवडली नाही. तूच म्हणायचीस, खेळायला शाळा कशाला."

"म्हणायचे. अजूनही म्हणेन कधीतरी. खोल्या द्यायच्या नाहीत."

"सत्तरी आली तुझी. तुला झेपणार आहे हे?"

"तुझं लग्न झेपलं मला."

तो हसला नाही. पण निघालाही नाही. उभ्या उभ्या चहा प्यायला. पायाखाली पाणी आलं तेव्हा बाजूला सरकला आणि म्हणाला, "पाणी सांडतंय." मी म्हटलं, त्यांना माहीत आहे, फडकं त्यांच्याकडेच आहे. गाठोडं येऊन त्याच्या बुटांभोवती पुसून गेलं. जाताना त्यानं तुझं विचारलं. मी म्हटलं, तिलाच विचार.

वकीलबाईचा बापही येऊन गेला. मुलगी काढून घ्यायला आला होता, तिला पलीकडच्या वह्यापुस्तकांच्या शाळेत घालणार म्हणाला. मी अडवलं नाही. फक्त म्हटलं, जरा आत बसा, ती मोकळी झाली की घेऊन जा. ती काही मोकळी होईना. पाणी खिडकीपाशी आलं होतं आणि चौकटीवर अडलं होतं. तो बुटक्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसला. मग म्हणाला, "हिनं घरी मला विचारलं, बाबा, बस चढावर का हळू जाते. मला वाटलं कुणीतरी शिकवलंय." मी म्हटलं, इथे कुणी शिकवत नाही, तुम्हीच म्हणाला होतात. त्यानं मुलीला नेलं, पण घरी. दुसऱ्या दिवशी ती हजर होती. पुढचं वर्षाअखेरीला बघू म्हणतो. मुलगी त्याची आहे, तो ठरवील.

धाकट्या बाईचं प्लास्टर निघालं. काठी घेऊन येते, पुढच्या आठवड्यापासून पूर्ण वेळ. तोवर आणि नंतरही मी आहे. तुझं सामान कुठेही पाठवत नाही. तिकडच्या शाळेला काय उत्तर दिलंस, ते कळवायला हवंच असं नाही. हो म्हटलं असलंस तर चांगलं कर. नाही म्हटलं असलंस तर तिकीट काढण्यापूर्वी फोन कर, खोलीत गादी घालून ठेवायला लागते.

आज सकाळी एक नवीन बाई आली, कडेवर मुलगी घेऊन. मुलीनं तिच्या खांद्यात तोंड खुपसलेलं. दारात थबकली, आतलं सगळं बघितलं आणि विचारलं, "इथल्या बाई कोण?"

मी म्हटलं, "बाहेरगावी आहेत. मी बदलीवर."

"कधी येतील?"

"ते त्यांचं त्या बघतील. शाळा चालू आहे, तू आत ये. मुलीला खाली ठेव. नाही, ओढू नकोस, तिची ती उतरेल."

मुलगी काही उतरली नाही. आई मुलीला कडेवर घेऊन शाळा सुटेपर्यंत तशीच भिंतीला टेकून उभी होती. उद्या येते म्हणालीय.

तुझी सासू